सालीतल्या एका भिंतीचा वॉलपेपर

गोव्यातल्या डिचोलीतील आमच्या जुन्या घराच्या सालीत, म्हणजे दिवाणखान्यात, जुन्या धाटणीचा वॉलपेपर लावायचे ठरले तेव्हा माझ्या मनात एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस याची 'ट्रेलिस' ही नक्षी होती. ती त्याने 1862 साली रेखाटली. जाळीवर चढलेला गुलाब त्याचा, पक्षी मात्र त्याचा वास्तुविशारद मित्र फिलिप वेब याचे. आत्याने नमुना पाहून विचारले, "हा गुलाब आपल्या घरात कधी होता रे?" मला ते तेव्हा रुचले नाही. पुढे चुन्याचे थर खरवडताना छताच्या हातभर खाली साच्याने उठवलेली निळ्या आणि कावेसारख्या तांबड्या रंगांची पानांची पट्टी निघाली. मग गुलाब मागे पडला, आणि त्या पट्टीशी जुळणारी, फिकट पिवळ्या जमिनीवर निळी पाने असलेली एकोणिसाव्या शतकाच्या धर्तीची नक्षी निवडली.

खरी अडचण भिंतीची होती. जांभ्या चिऱ्यांची, चुन्याच्या गिलाव्याची भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला कागद चिकटवला तर ओल आतच कोंडते, क्षारांचा लोणा फुटतो आणि कागदासह गिलाव्याचे पोपडे निघतात. म्हणून ऑक्टोबरात दोन भिंतींवर प्लास्टिकचा एकेक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. बाहेरच्या भिंतीवरच्या तुकड्याआड पाण्याचे थेंब जमले, आतल्या भिंतीवरचा कोरडा राहिला. आतल्या एकाच भिंतीला कागद लावायचा आणि बाकीच्या तिन्हींना चुनाच द्यायचा, हे तिथेच ठरले. विनाइलचा थर नसलेला साधा कागद घेतला आणि गव्हाच्या खळीऐवजी, कसर लागू नये म्हणून, मिथाइल सेल्युलोजची खळ वापरली.

हिशेबात मात्र फसलो. भिंत 5.5 मीटर लांब आणि 3.6 मीटर उंच. दुकानदाराने क्षेत्रफळाला एका गुंडाळीच्या 5.3 चौरस मीटरने भागले आणि चार गुंडाळ्या पुरतील असे सांगितले. पण नक्षी दर 53 सेंटीमीटरला फिरून येत असल्याने ती जुळवण्यासाठी प्रत्येक पट्टा 3.71 मीटरचा कापावा लागतो, त्यामुळे 10.05 मीटरच्या गुंडाळीतून दोनच पट्टे निघतात. रुंदी 53 सेंटीमीटर, म्हणजे पट्टे अकरा लागणार आणि गुंडाळ्या सहा. उरलेल्या दोन आल्या त्या छपाईच्या वेगळ्या खेपेच्या, निळा रंग किंचित राखाडीकडे झुकलेला. ते तीन पट्टे कोपऱ्यात, आजीच्या शिसवी कपाटामागे गेले. प्रत्येक गुंडाळीतून वाया गेलेल्या अडीच मीटरचे काय करायचे हे मुलांनीच ठरवले. वह्यांना कव्हरे चढली.

रंगाऱ्याने पहिला पट्टा दाराच्या चौकटीला धरून लावायला घेतला होता. ओळंबा सोडला तर चौकट छताजवळ अंगठाभर कललेली. शंभर वर्षांच्या घरात कशालाच काटकोन नसतो, म्हणून मधोमध ओळंब्याने रेघ मारून तिथून दोन्ही बाजूंना सरकत गेलो. त्यामुळे कललेपणा दाराशी कापलेल्या कडेत लपला.

पहिल्या पावसाळ्यात जुलैमध्ये एक जोड वीतभर उकलला. आत्यानेच तो आधी पाहिला. बारीक कुंचल्याने खळ भरून ओल्या फडक्याने दाबला, आणि जुनी साच्याची पट्टी धूळ पुसून आहे तशी वर ठेवली आहे.