किनाऱ्यावर खोल शोधायचंय? मग खोक्यावरचा आकडा बघू नका

मेटल डिटेक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती खोल जातो? मीही पहिलं मशीन असंच घेतलं, खोक्यावर अडीच मीटर लिहिलेलं, विकणाऱ्यानेही छातीठोकपणे सांगितलं आणि कोरड्या वाळूत ते चाललंही बरं, पण ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात गेलो आणि ते जे ओरडायला लागलं ते थांबेचना. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक सिग्नल पकडायचा ते ठरवणारं बटण, पार खाली आणल्यावर गप्प झालं, पण मग वीतभर खोल पुरलेलं नाणंसुद्धा त्याला ऐकू येईना.

होतं काय, की खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओली वाळूच मशीनला धातूसारखी भासते. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींचं मशीन मिठाचा सिग्नल दाबायला गेलं की बारीक सोन्याचा सिग्नलही त्यात दबतो. म्हणून माझं ठाम मत झालंय, किनाऱ्यावर सगळ्यात खोल जातं ते मशीन जे ओल्या वाळूत शांत राहतं.

असे दोनच प्रकार आहेत. एक मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे माइनलॅब कंपनीचं एक्सकॅलिबर किंवा इक्विनॉक्स वगैरे, ही एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतात आणि त्यांची तुलना करून मिठाचा भाग वजा करतात, शिवाय लोखंड बऱ्यापैकी ओळखतात. दुसरा पल्स इंडक्शन, गॅरेट कंपनीचं सी हंटर मार्क २ या जातीचं. हे मशीन कॉइलमध्ये, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या गोल तबकडीतल्या वेटोळ्यात, विजेचा झटका सोडतं, मग काही मायक्रोसेकंद थांबून ऐकतं, तेवढ्यात मिठाचा प्रतिसाद विरून गेलेला असतो आणि धातूचा अजून शिल्लक असतो. काळ्या, लोहमिश्रित वाळूत याच्याइतकं खोल दुसरं काही जात नाही. पण लोखंड आणि सोनं यातला फरक ते धड सांगत नाही, म्हणजे गंजका खिळा असो की अंगठी, खणायचं सगळंच, आणि नाजूक सोनसाखळीचा प्रतिसाद मिठासारखाच लगेच विरतो म्हणून ती नेमकी निसटते. कचरा कमी असलेला किनारा आणि खणायची तयारी असेल तरच पल्स घ्या, नाहीतर पहिलं मशीन मल्टी-फ्रिक्वेन्सीच घ्या. माझ्याकडे आता तेच आहे, ११ इंची कॉइलचं.

आता खोलीचं खरं गणित. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतरानुसार झपाट्याने कमी होतं आणि वस्तूकडून परत येणारा सिग्नलही तसाच विरत येतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की सिग्नल साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून नाण्याएवढ्या वस्तूसाठी कॉइलच्या व्यासाएवढी खोली मिळाली तरी समाधान मानावं, खोक्यावरचे ते मीटरमधले आकडे मोठ्या पत्र्या-पेट्यांचे असतात. मोठी कॉइल लावली तर अजून थोडं मिळतं, पण बारीक वस्तू सुटतात, दोन सिग्नल एकत्र होतात आणि तासाभरात खांदा भरून येतो. आणि ते लांबूनच सोन्याची दिशा दाखवणारे अँटेनावाले ‘लाँग रेंज लोकेटर’, त्यांच्यावर कृपा करून एक पैसा घालवू नका, त्यात सोनं ओळखणारं काहीही नसतं.

खरं तर खोल खणायचं अर्धं काम समुद्रच करतो. सोनं वाळूच्या कणापेक्षा सातपटीहून जड, ते लाटांच्या हालचालीने खाली खाली जात चिकणमातीच्या नाहीतर शिंपल्यांच्या घट्ट थरावर टेकतं. मोठं वादळ येऊन गेलं की वरची वाळू वाहून जाते आणि जे दोन हात खोल होतं ते वीतभर खोलीवर येतं. १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटलेल्या स्पॅनिश जहाजांची नाणी आजही अशाच वादळांनंतर तिथे सापडतात. वादळ सरल्यावर पहिल्या मोठ्या ओहोटीला जा, आणि मासेमारीची शिशाची वजनं एका रांगेत सापडायला लागली की तिथून हलू नका, जिथे लाटांनी शिसं आणून टाकलं तिथेच अंगठ्या आणि नाणीही येऊन पडतात. मला असाच एक सिग्नल लागला होता, हेडफोनमध्ये कुणी हलकेच श्वास सोडावा इतका पुसट. स्कूप, म्हणजे जाळीचं फावडं, घालावा तर खड्ड्यात पाणी भरायचं, कडा ढासळायच्या, तीनदा खड्डा बुजला, चौथ्यांदा आवाज एकदम मोठा झाला आणि स्कूपच्या जाळीत करड्या वाळूतून पिवळी कड दिसली, साधं वळं होतं, पण एक ओरखडासुद्धा नाही. (शोधायची परवानगी आहे का हे मात्र आधी विचारून घ्या, नियम जागोजागी वेगळे असतात.)

घेण्याआधी एक करा. मशीन तासभर मागून घ्या, अंगठीला लांब दोरा बांधून ती ओल्या वाळूत आधी वीतभर, मग दीड वीत पुरा, दोरा वर ठेवा म्हणजे ती हरवायची नाही. मग हेडफोन लावून, कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा. कोरड्या वाळूत नाही, दुकानात हवेत तर नाहीच, जिथे लाट येऊन परत जाते तिथे. पुन्हा पुन्हा फिरवून आवाज त्याच जागी येत असेल आणि आजूबाजूला मशीन गप्प असेल तर ते घ्या.