हिरव्या ढेकणाची उलटतपासणी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सोयाबीनच्या शेताकडेला सापडलेला हिरवा ढेकूण (घरातला नव्हे, झाडापिकांवरचा, दुर्गंधी सोडणारा ‘स्टिंक बग’) मी पाहताक्षणी ‘नेझारा विरिड्युला’ या जातीचा ठरवून मोकळा झालो होतो. त्या भागात हुबेहूब एकमेकांसारखे दिसणारे दोन हिरवे स्टिंक बग आढळतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. दोघांचेही अंग ढालीसारखे, पाठीवर मोठा त्रिकोण, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पाच खंडांच्या. म्हणजे कुल पेंटाटोमिडी, अर्थात स्टिंक बगांचे घराणे, इथवर वाद नाही. मात्र स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नामकरण केलेला नेझारा तेथे बाहेरून आलेला आहे, तर चिनाव्हिया हिलारिस हा मूळचा उत्तर अमेरिकेचाच.

रंगाचा भरवसा धरता येत नाही, कारण नेझारा थंडीत तपकिरीही होतो. शंका आली ती शृंगिकांवरच्या पट्ट्यांमुळे: नेझारात ते तांबूस असतात, माझ्या नमुन्यात काळे होते. मग त्याला भिंगाखाली उताणा केला. छातीच्या कडेला, पायांच्या मुळाशी दुर्गंधी ग्रंथीचे तोंड असते आणि तेथून बाहेरच्या बाजूला एक बारीक पन्हळ निघते. नेझारात ही पन्हळ आखूड व बोथट असते. येथे ती निमुळती होत होत, ज्या पट्टीवर ती टेकलेली असते तिच्या निम्म्याहून पुढे गेली होती. पोटाच्या सुरुवातीला, मागच्या पायांच्या मधोमध, पुढे रोखलेला लहानसा काटाही होता. म्हणजे हा चिनाव्हिया हिलारिस. ज्या वासापायी लोक या किड्याला हात लावत नाहीत, त्या वासाच्या वाटेनेच त्याची ओळख पटावी, याची मला गंमत वाटली.

माझ्या जुन्या मार्गदर्शिकेत मात्र त्याचे नाव अक्रोस्टर्नम हिलारे असे होते. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ टॉमस से यांनी वर्णिलेली ही जाती पुढे अक्रोस्टर्नम वंशात धरली गेली आणि आता चिनाव्हियात आहे. लॅटिनमध्ये अक्रोस्टर्नम नपुंसकलिंगी, चिनाव्हिया स्त्रीलिंगी, म्हणून ‘हिलारे’चे ‘हिलारिस’ झाले. ‘चांगले’चे ‘चांगली’ करणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

कीटकसंग्रहात नमुन्याच्या नावाची आधीची चिठ्ठी फेकायची नसते. त्यामुळे माझ्या त्या ढेकणाच्या टाचणीवर आज एकाखाली एक तीन चिठ्ठ्या आहेत, आणि पहिल्या दोन्ही माझ्याच अक्षरातल्या चुका आहेत.