सहाव्या वर्षी न सांगता येणारी दाढ

मुलाचा पुढचा दात हलायला लागला की घरभर कळतं. तो पडल्यावर तुळशीत पुरायचा की कौलावर टाकायचा, यात आजीचा शब्द शेवटचा. त्याच सुमारास, कधी त्याच्याही आधी, जबड्यात सगळ्यात मागे चार नवीन दाढा उगवतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, रक्त येत नाही, फार तर चार दिवस हिरडी दुखते. मग दोन-तीन वर्षांनी त्यांतली एक काळी पडते, ठणकायला लागते आणि सांगली-मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येणारं वाक्य येतं, "दुधाचीच आहे न्हवं, काढून टाका की." ती दुधाची नसते. ती पहिली पक्की दाढ असते. ती गेली की तिच्या जागी उगवायला खाली काही नसतं.

ओळखायची कशी, तर मोजून. पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूने मागे मोजत जायचं. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात: पटाशीचे दोन, सुळा एक, दाढा दोन. सहाव्या जागेवर काही दिसलं तर ते पक्कं. मधला एखादा दात पडला असेल तर त्याची रिकामी जागाही मोजायची, नाहीतर हिशेब चुकतो. दवाखान्यातून मिळालेला कागदही वाचता येतो. त्यावर दाताचा दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा १ ते ४ असेल तर दात पक्का, ५ ते ८ असेल तर दुधाचा. म्हणजे १६, २६, ३६, ४६ या चार पहिल्या पक्क्या दाढा, आणि ५५, ६५, ७५, ८५ या त्यांच्याच पुढ्यात उभ्या असलेल्या दुधाच्या दुसऱ्या दाढा. 'काढा' म्हणण्याआधी हा नंबर बघून घ्यावा.

पक्के दात एकूण ३२. त्यांतले २० दुधाच्या २० दातांच्या जागी येतात. उरलेल्या १२ म्हणजे सगळ्या पक्क्या दाढा, आणि त्या थेट मागच्या मोकळ्या जागेत येतात. दुधाच्या दाढा पडतात तिथे दाढ येतच नाही, उपदाढ येते, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधला लहान दात. हे कळलं की बराच गोंधळ मिटतो.

असं का होतं, त्याचं उत्तर गर्भात आहे. गर्भ सहा आठवड्यांचा असताना जबड्याच्या कडेने आवरणाच्या पेशींची एक पट्टी आत शिरते. तिच्यातून आधी दुधाच्या दातांचे कोंभ फुटतात. मग त्यांच्या जिभेकडच्या बाजूला त्यांची जागा घेणाऱ्या पक्क्या दातांचे कोंभ येतात. पक्क्या दाढांसाठी मात्र हीच पट्टी मागे मागे लांबत जाते. पहिल्या दाढेचा कोंभ गर्भाच्या साधारण चौथ्या महिन्यात, दुसरीचा मूल वर्षाचं होण्याच्या सुमारास, अक्कलदाढेचा चार-पाच वर्षांच्या वयात. जबडा मागे वाढेल तशी जागा मिळत जाते. अक्कलदाढेच्या वेळी ती पुरत नाही, म्हणून ती आडवी अडकते.

प्रत्येक कोंभ कळी, टोपी आणि घंटा या अवस्थांतून जातो. घंटेच्या आतल्या थरातल्या पेशी एनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण कवच) बनवतात, घंटेच्या पोकळीतला ऊतक डेंटिन (त्याखालचा दाताचा मुख्य भाग) आणि पल्प (सगळ्यात आतला, नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा) बनवतो, बाहेरची पिशवी मुळावरचं सिमेंटम (मुळाचं पातळ आवरण) आणि दात हाडाला धरून ठेवणारे तंतू बनवते. क्रम ठरलेला असतो. आधी डेंटिनचा पातळ थर पडतो, मगच त्यावर एनॅमल चढायला लागतं. डेंटिन बनवणाऱ्या पेशी पल्पच्या कडेला जन्मभर टिकतात, त्यामुळे दात आतून थोडीफार डागडुजी करू शकतो. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात तोंडात येताना संपतात. वजनाने ९६ टक्के खनिज असलेला, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, आणि एकदा फुटला की नवा बनवणारं कुणी उरलेलं नसतं. अगदी सुरुवातीचा खडूसारखा पांढरा डाग लाळेतल्या खनिजांनी आणि फ्लोराइडने पुन्हा कडक होऊ शकतो. खड्डा पडला की तो भरून येत नाही, मग जाहिरातीत काहीही सांगोत.

पहिल्या दाढेत खनिज भरायला सुरुवात होते ती जन्माच्या सुमारास. म्हणून तिच्या टोकांच्या आत, सूक्ष्मदर्शकाखाली, जन्माच्या वेळी एनॅमलमध्ये उमटलेली एक रेघ बऱ्याचदा दिसते. अडीच ते तीन वर्षांत तिचा वरचा भाग पूर्ण तयार होतो. पुढे तीन वर्षं ती हाडात असते, मूळ वाढत जातं, आणि सहा ते सात वर्षांत ती हिरडीबाहेर येते. मूळ पूर्ण व्हायला मात्र नऊ-दहा वर्षं उजाडतात. तोंडात आल्यावर मूळ टोकाशी बंद व्हायला साधारण तीन वर्षं, हा नियम जवळपास सगळ्या पक्क्या दातांना लागू पडतो. पुढे उपचाराच्या वेळी हाच आकडा कामाला येतो.

वरचे-खालचे मधले पटाशीचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भरायला लागतात आणि चार-पाच वर्षांत त्यांचा वरचा भाग पूर्ण होतो. म्हणजे पहिली दाढ आणि पुढचे दात यांचा बांधकामाचा काळ एकमेकांवर येतो. त्या काळात एनॅमल नीट पिकलं नाही तर डाग याच दातांवर एकत्र दिसतात: ठळक कडा असलेले पांढरे, पिवळसर किंवा तपकिरी ठिपके. दाढ तोंडात आल्यावर चावण्याच्या दाबाने तिथलं एनॅमल ढलप्यांनी निघतं. थंड पाणी झोंबतं, मूल त्या बाजूला ब्रश लावू देत नाही, मग कीड आणखी वेगाने पसरते. भुलीचं इंजेक्शनही अशा दाढेवर नेहमीइतकं चांगलं चालत नाही. लहानपणीचे वारंवार ताप आणि आजार यांच्याशी याचा संबंध जोडला जातो, पण एकच एक कारण सिद्ध झालेलं नाही. अशा मुलाच्या आईला चॉकलेटवरून बोलणी ऐकावी लागतात, ती बहुतेक वेळा अन्यायाची असतात.

फ्लोराइडचे डाग वेगळे. ते दोन्ही बाजूंना सारखे, धूसर कडांचे, आडव्या रेघांसारखे आणि पुष्कळ दातांवर असतात. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जत, आटपाडीकडे ज्या घरांत लहान मुलं बोअरचं पाणी पितात, त्यांनी ते एकदा तपासून घेतलेलं बरं. साध्या फिल्टरने किंवा उकळून फ्लोराइड जात नाही.

आता दाढेची रचना. खालची पहिली दाढ पुढून मागे सुमारे ११ मिलिमीटर, तोंडातला सगळ्यात रुंद दात. तिला पाच उंचवटे, गालाकडे तीन आणि जिभेकडे दोन. मुळं दोन, एक पुढे एक मागे. पुढच्या मुळात पल्पचे दोन बारीक कालवे, मागच्यात एक किंवा दोन. वरच्या दाढेला चार मोठे उंचवटे, आणि अनेकांना टाळूकडच्या बाजूला पाचवा छोटासा. त्याला व्हिएन्नाच्या कारबेली या दंतवैद्याचं नाव आहे. नवीन दाढेवर तो पाहून कुणी जादा दात समजून घाबरतं, घाबरण्यासारखं काही नाही. मुळं तीन, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दुसरा बारीक कालवा असतो. तो राहून गेला तर रूट कॅनल केलेली दाढ पुन्हा दुखते.

कीड लागते ती उंचवट्यांच्या मधल्या खाचांत. टोकावर एनॅमल अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, खाचेच्या तळाशी फारच पातळ. खाच बऱ्याचदा ब्रशच्या केसापेक्षा अरुंद असते, त्यामुळे कितीही घासलं तरी तळ घासला जात नाही. भडंग असो वा चहात बुडवलेलं बिस्किट, त्याचा लगदा तिथे जाऊन बसतो. कीड खाचेच्या भिंतीतून आत जाते आणि डेंटिनशी पोचली की आडवी पसरते. म्हणून वरून टाचणीच्या टोकाएवढं काळं दिसतं आणि आत अर्धी दाढ पोकळ असते. आणखी दोन जागा हमखास चुकतात: खालच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूवरचा खड्डा आणि वरच्या दाढेच्या टाळूकडची खाच. घरी बघताना मोबाइलचा टॉर्च लावून या दोन्ही बाजू बघाव्यात.

दाढ हिरडीतून डोकावल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत साधारण वर्ष-सव्वा वर्ष जातं. हा सगळ्यात धोक्याचा काळ. दाढ शेजारच्या दुधाच्या दाढांपेक्षा खाली असते, सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो. मागच्या भागावर हिरडीची घडी असते, तिच्याखाली अन्न साचतं. उपाय साधा. मुलाच्या बाजूला उभं राहायचं, तोंड अर्धंच उघडायला लावायचं (पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश शिरत नाही), आणि ब्रश गालाकडून आडवा आत घालून फक्त त्या एका दाढेवर दहा-बारा वेळा फिरवायचा. सात-आठ वर्षांपर्यंत हे मोठ्या माणसानेच करायचं. पेस्ट किमान १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) फ्लोराइडची, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. मिश्री तर लांबच ठेवावी, तिच्यात तंबाखू असतो.

खाचा बुजवायला सीलंट असतं. माझ्या मते लहान मुलाच्या तोंडात होणारं इतकं किफायतशीर दुसरं काम नाही, आणि आपल्याकडे ते मागणारे पालक फार थोडे. दाढ साफ करतात, कापसाने किंवा रबर डॅमने (दाताभोवती ताणलेल्या पातळ रबराने) लाळ अडवतात, ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडची जेल १५ ते ३० सेकंद लावतात, धुतात, वाळवतात. एनॅमल चुना मारल्यासारखं पांढरं दिसलं की पातळ सीलंट खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने सुमारे २० सेकंद कडक करतात. ड्रिलिंग नाही, सुई नाही. बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: अ‍ॅसिड धुतल्यानंतर लाळेचा थेंब लागला की सीलंट चिकटत नाही, काही महिन्यांत निघतं. पुन्हा अ‍ॅसिड लावून सुरुवात करणं हाच इलाज. दाढ अर्धीच आली असेल आणि कोरडी राहत नसेल तर आधी ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट लावतात. ते ओलावा जास्त सहन करतं आणि फ्लोराइड सोडतं, पण लवकर झिजतं, म्हणून दाढ पूर्ण आल्यावर वर वर सांगितलेलं नेहमीचं रेझिनचं सीलंट. दर सहा महिन्यांनी कडा तपासून घ्यायच्या, अर्धवट निघालेल्या सीलंटखाली अन्न साचतं.

आठव्या वर्षीच कीड आतल्या पल्पपर्यंत गेली तर? इथे ते तीन वर्षांचं गणित आडवं येतं. मूळ अजून आखूड, भिंती पातळ, टोक उघडं. पल्प मेला तर मूळ आहे तिथेच थांबतं. उघड्या टोकाच्या मुळात नेहमीचं रूट कॅनल नीट बंद होत नाही, आणि पातळ भिंतीची दाढ पुढे तडकते. म्हणून पल्प जिवंत असेल तर फक्त वरचा बिघडलेला भाग काढून उरलेल्यावर एमटीएसारखं सिमेंट ठेवतात आणि स्टीलची तयार कॅप बसवतात. खालचा पल्प मूळ पूर्ण करतो. दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून मूळ वाढतंय का ते पाहायचं. म्हणून या वयात 'सरळ रूट कॅनल करा' असं सांगितलं गेलं तर मूळ किती झालंय, पल्प वाचण्यासारखा आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत.

वाचणारच नाही अशी दाढ काढायलाही एक वेळ असते. साधारण आठ ते दहा वर्षांत, दुसऱ्या दाढेची मुळं फुटायला लागलेली असताना काढली तर ती दुसरी दाढ पुढे सरकत जागा बऱ्यापैकी भरून काढते. वरच्या जबड्यात हे सहज होतं, खालच्या जबड्यात वेळ चुकली की दुसरी दाढ पुढे कलंडते आणि तिथे कायमची फट राहते. असा निर्णय पूर्ण जबड्याचा एक्स-रे बघूनच घ्यायचा.

उलट बाजूही आहे. दुधाची दुसरी दाढ वेळेआधी काढली तर मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि दहा-बारा वर्षांत येणाऱ्या दुसऱ्या उपदाढेची जागा खाते. खालच्या दुधाच्या दुसऱ्या दाढेखाली बराच काळ पू राहिला तर त्याच उपदाढेच्या एनॅमलवर डाग किंवा खळगे पडतात. काढावीच लागली तर लगेच स्पेस मेंटेनर बसवून घ्यायचा: पक्क्या दाढेवर पट्टी आणि पुढे तारेचा फास. उपदाढ दिसायला लागली की तो काढायचा, विसरून राहिला तर तिलाच आडवा येतो.

बारा-तेराव्या वर्षी दुसरी पक्की दाढ येते, तीही न सांगता, सातव्या जागेवर. तिची मुळं १४ ते १६ वर्षांत पूर्ण होतात. खाचा, हिरडीची घडी, सीलंट, सगळं तेच. फक्त तोवर मूल स्वतः ब्रश करत असतं आणि आईबाबांनी तोंडात डोकावणं कधीच बंद केलेलं असतं, त्यामुळे सातवी ते नववीच्या वर्गातल्या मुलांचीही वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.