डायरीतली शून्ये

आठव्या आठवड्याच्या तपासणीला आलेल्या त्या रुग्णाची डायरी मी उघडली, तेव्हा रक्तस्रावाच्या रकान्यात ओळीने शून्ये होती. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणाऱ्या आजारावरील औषधाच्या चाचणीत दिवसातून किती वेळा शौचाला जावे लागले आणि त्यात रक्त किती दिसले, हे रुग्णाने रोज स्वतः नोंदवायचे असते. १९८७ मधील मेसालामीन या औषधाच्या चाचणीपासून वापरात आलेल्या, आजाराची तीव्रता मोजणाऱ्या मेयो स्कोअरच्या १२ गुणांपैकी ६ गुण या दोन नोंदींवरच ठरतात.

शून्ये पाहून मला मनापासून आनंद झाला. मात्र इतरांच्या डायऱ्यांचे कोपरे रोजच्या हाताळणीने मऊ पडलेले असतात. ही करकरीत होती, आणि साऱ्या नोंदी जणू एकाच बैठकीत उतरल्या होत्या. सिग्मॉइडोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या दुर्बिणीतून केलेल्या तपासणीत, तर आतड्याचे अस्तर लालभडक दिसले, निरोगी आतड्यात दिसणारी रक्तवाहिन्यांची जाळी कुठेच दिसेना आणि दुर्बिणीचा नुसता स्पर्श होताच रक्त झिरपू लागले.

मी शांतपणे विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, रक्त रोजच जातंय. खरं लिहिलं तर तुम्ही मला काढून टाकाल असं वाटलं."

ती भीती आमच्याच बोलण्यातून आली होती. संमतीपत्र समजावताना 'उपयोग न झाल्यास चाचणीतून बाहेर काढले जाईल' हे वाक्य मी वाचून दाखवले होते, परंतु बाहेर पडणाऱ्याला लगेच नेहमीचे प्रभावी उपचार मिळतात, हे तितक्याच ठळकपणे सांगितले नव्हते. अशी खोटी शून्ये प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काही घेणाऱ्यांच्या, गटात पडली तर चांगल्या औषधाचा गुण झाकला जातो. औषधाच्या गटात पडली तर कुचकामी औषध गुणकारी भासते, आणि त्याची किंमत पुढच्या रुग्णांना मोजावी लागते.

डायरीतला एकही आकडा आम्ही खोडला नाही. त्यांनी सांगितलेली हकिकत तारखेसह वेगळी नोंदवली आणि नियमभंग म्हणून नैतिकता समितीला कळवली. त्यांना त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केले. ते कोणत्या गटात होते यावर तो निर्णय अवलंबून नव्हता, म्हणून गट उघड करणारा सांकेतिक क्रमांक उघडला नाही.

तेव्हापासून डायरी हातात देण्यापूर्वी मी प्रत्येकाला विचारते, "औषध लागू पडलं नाही, तर पुढे काय होईल, ते तुमच्या शब्दांत सांगा." उत्तर नीट येईपर्यंत मी सहीसाठी कागद पुढे करत नाही.