आमची वाटचाल : हिशेब ओलीचा

भंगाराच्या धंद्यात बाहेरच्याला फक्त किलो दिसतात. जळगावच्या कॉलन्यांतून सुका आणि ओला कचरा वेगवेगळा उचलायला लागलो तेव्हा कळले की किलो फसवतात. खरा हिशेब ओलीचा. सुक्या कचऱ्यात ती अजिबात नको, खताच्या ढिगात मात्र मापात हवी.

दुधाची पिशवी घ्या. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी जेमतेम तीन ग्रॅम भरते. तळाशी चमचाभर दूध राहिले की तेच पाच ग्रॅम, म्हणजे काट्यावर पिशवीपेक्षा दूधच जास्त. मे महिन्यात ते दुपारपर्यंत आंबते, गोणीतल्या सगळ्या कागदाला वास लागतो आणि पुढे प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा पाडताना त्या चिकटपणाने धूर होतो. घरी करायचे ते एवढेच : कोपरा पूर्ण न तोडता लटकता ठेवायचा, कारण सुटा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, तो गटारात जातो. आत अर्धी वाटी पाणी घालून खळखळून ते कुंडीत ओतायचे आणि पिशवी दोरीवर उलटी टाकायची. अशा कोरड्या पिशव्यांना आम्ही इतर पन्नीपेक्षा जास्त भाव देतो. ओल्या आल्या तर त्या पन्नीच्या भावातच जातात, मग ताई कितीही रागावोत.

सुरुवात रद्दी, पुठ्ठा आणि बाटल्यांच्या गठ्ठ्यांपासून झाली. पुढे प्लास्टिकचे तुकडे करायला ग्राइंडर बसवला, धुण्याच्या टाक्या बांधल्या. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, म्हणजे पेट, पाण्यापेक्षा जड. त्याचे तुकडे बुडतात, झाकणांचे तरंगतात. जाळीने वरचे काढा, खालचे उपसा, माल आपोआप वेगळा. कागदावर हे झकास होते.

घोळ लेबलांनी घातला. काही बाटल्यांवर अंगाला घट्ट बसलेले पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचे वेष्टन असते. पीव्हीसीही बुडते, त्यामुळे ते पेटच्याच ढिगात उतरते. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापवावे लागते, पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी करपते, आम्ल सोडते. सगळा माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. टाकी इथे कामाची नाही, वेष्टन ग्राइंडरआधी सुरीने उभे चिरूनच काढावे लागते. शंका आली तर तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी समजायचे. हे उघड्यावर करावे, धूर नाकात जाऊ देऊ नये.

दुसरी अडचण तरंगणाऱ्या मालाची. शाम्पूची बाटली एचडीपीई या प्लास्टिकची, तिचे झाकण बहुधा पीपी या वेगळ्या प्लास्टिकचे. दोन्ही तरंगतात, मग टाकी काय निवडणार? जळगावच्या चटई कारखान्यांना चटई विणायची प्लास्टिकची बारीक नळी ओढायला पीपी लागते. त्यात एचडीपीई मिसळले तर नळी ओढताना तुटते. म्हणून बुडावरच्या त्रिकोणातला आकडा बघूनच हात चालवायचा : २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. निवडणाऱ्या मावशींना आता आकडाही बघावा लागत नाही. नखाने ओरखडला की मेणासारखा लागतो तो एचडीपीई.

शेवटी धुणे आम्ही बंद केले. पाणी विकत घेऊन प्लास्टिक धुवायचे आणि तुकड्यांसकट ते नाल्यात सोडायचे, हे उन्हाळ्यात परवडत नव्हते आणि पटतही नव्हते. आता निवडून, दाबून गठ्ठी विकतो. भाव कमी मिळतो, पण माल परत येत नाही.

पुठ्ठ्याचे दुखणे पावसाळ्यातले. बाहेरून कोरडी दिसणारी गठ्ठी आतून भिजलेली असली तर पंधरवड्यात बुरशी धरते आणि कागद गिरणी वजनात कट लावते. पुठ्ठा जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावा, भिंतीपासून हातभर लांब. चहाचे कागदी कप आणि एटीएमच्या पावत्या रद्दीत टाकू नका : कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो आणि पावतीच्या कागदावर रसायन.

ओल्या कचऱ्याचे गणित उलटे. चांगल्या ढिगात पन्नास ते साठ टक्के ओल लागते. मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर हवा कोंडते, सडक्या अंड्याचा वास येतो. थेंबही आला नाही तर जिवाणू झोपतात आणि ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा खताचा उघडा क्रेट दोन दिवसांत वाळतो. म्हणून सावली, वरून ओले गोणपाट आणि रोज संध्याकाळी हात घालून बघणे.

स्वयंपाकघरातल्या एका बादलीला एक बादली वाळका माल घालतो : कडुनिंबाचा पाला, लाकडाचा भुसा, पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाचे, बोटभर तुकडे. पऱ्हाटी आख्खी टाकली तर सहा महिने तशीच राहते. केळीचे खोड मात्र वाळका माल समजू नका. रावेर-यावलकडून ते मुबलक मिळते, म्हणून आम्हीही एकदा चिरून ढिगात भरले. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. चार दिवसांत ढीग बसला, आंबला. आता खोड चिरून आधी आठवडाभर कडक उन्हात वाळवतो.

ढीग तापायला तो कमरेएवढा उंच आणि तितकाच रुंद लागतो. मधोमध हात ठेववत नाही, म्हणजे साठ अंशांच्या आसपास, तेव्हा बिया मरतात. घरच्या बादलीत ही ऊब धरत नाही, तिथे वेळ जास्त द्या. हिवाळ्यात भरीत पार्ट्यांची केळीची पाने येतात, ती फाडून टाकली की छान कुजतात. सोबतचे थर्माकोलचे द्रोण निवडून काढताना मात्र जीव जातो. वांगी भाजल्याची राख मूठभर चालते, जास्त झाली तर अमोनिया उडून नत्र हवेत जाते.

तयार खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या खताची ओल १५ ते २५ टक्के धरली आहे. एप्रिलमध्ये पोती उघडी ठेवली तर ती १५ च्याही खाली जाते आणि खताची धूळ होते. म्हणून चाळणे पहाटे, शिवण लगेच.

चिप्सच्या चकचकीत पुड्या मात्र आम्ही घेतो आणि पैसे देत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर सुटत नाहीत, आमच्याकडून त्यांना सिमेंटच्या भट्टीखेरीज वाट नाही आणि तिथवरचे गाडीभाडे आमच्याच खिशातून जाते.