फिट्स ते टिफ: मृगातला तेजोमेघ काळा का पडला?

स्टॅकिंगला (अनेक फ्रेम एकत्र करून एक चित्र बनवायला) बसण्याआधी मृगातल्या तेजोमेघाची (एम ४२) एकच फ्रेम ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढून बघितली. ६,२४८ × ४,१७६ पिक्सेल, १६ बिट, म्हणजे सुमारे ५२ एमबीची फिट्स फाइल (खगोलछायाचित्रांचे मूळ आकडे साठवणारा फॉरमॅट).

पहिल्या साइटवरून आलेला जेपीजी जवळजवळ काळा. चार-दोन तारे, बाकी काही नाही. फोकस चुकला असं वाटून जीव खाली-वर झाला, पण मूळ फाइलमधले आकडे पाहिल्यावर कोडं उलगडलं. आकाशाची पार्श्वभूमी १,१०० च्या आसपास, तेजोमेघाचे पुसट पदर १,६०० पर्यंत, ठळक तारे थेट ६५,५३५ ला टेकलेले. ही सगळी पट्टी ८ बिटांच्या २५६ छटांत सरळ बसवली, की एका छटेत साधारण २५७ आकडे जातात. जिथे मूळ फाइलमध्ये पाचशे पायऱ्या होत्या, तिथे उरल्या जेमतेम तीन, त्याही काळ्याच्या तळाशी. नंतर उजेड वाढवायला कितीही कर्व्ह ओढा, गेलेले पदर परत येत नाहीत.

दुसऱ्या साइटने आकाश राखाडी केलं आणि ठळक ताऱ्यांभोवती विचित्र कडी काढली: बाहेरून पांढरं होत जायचं आणि आत एकदम काळं. हे बीझीरोचं काम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतल्या (हेडरमधल्या) एका नोंदीचं; आकड्यांत किती मिळवायचं ते ती सांगते. फिट्समध्ये १६ बिटांचे आकडे चिन्हासह साठवतात आणि वाचताना त्यांत ३२,७६८ मिळवायचे असतात. ते मिळवलेच नव्हते. अशी कडी दिसली तर कॅमेऱ्यावर संशय घेऊ नका, आधी हेडर वाचा.

तिसरीने १६ बिट टिफ दिली. आकडे शाबूत, पण चित्र आरशातल्यासारखं, कितीही फिरवलं तरी जुळेना. फिट्सची पहिली ओळ प्रथेने खालून मोजतात, टिफची वरून. खरी अडचण पुढे आली. चित्र उलटल्यामुळे आरजीजीबीचा बायर पॅटर्न (सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांची मांडणी) जीबीआरजी झाला होता. मी जुन्याच पॅटर्नने डीबेयर केलं (म्हणजे त्या मांडणीवरून रंग काढले) आणि गुलाबी तेजोमेघ हिरवागार निघाला!

त्यामुळे आता डीबेयर आणि स्ट्रेच (पुसट छटा उजळणं) दोन्ही सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फिट्सवरच करायचं, मग १६ बिट टिफ, आणि जेपीजी अगदी शेवटी. ऑनलाइन कन्व्हर्टर फक्त झटपट नजर टाकायला. आणि हेडर आधी वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवते. ८०-८० अक्षरांच्या त्या साध्या ओळींत एक्सपोजर, गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवला ते), सेन्सरचं तापमान सगळं असतं. माझ्या टिफमध्ये त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

या पद्धतीने काढलेल्या फ्रेममध्ये पुसट पदर पहिल्यांदाच नीट दिसले, आणि मी बराच वेळ नुसती बघत बसले. मधला ट्रॅपेझियम (तेजोमेघाच्या गाभ्यातला ठळक ताऱ्यांचा पुंजका) मात्र पांढराफट आहे. तिथले आकडे टिपतानाच छताला लागलेत, फॉरमॅट बदलून ते सुटणार नाहीत. म्हणून पुढच्या निरभ्र रात्री त्यासाठी कमी वेळाच्या, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घेणार आहे.