जोर लावला की झटका: जुन्या साबचं मिसिंग शोधताना

आमची गाडी साब या स्वीडिश कंपनीची ९-५, २००५ सालची, २.३ लिटर पेट्रोल टर्बो, स्टेशन वॅगन. ती बनली स्वीडनमधल्या ट्रोलहेट्टनला, गोथेनबर्गहून ई-४५ रस्त्याने वर गेलं की लागतं त्या गावात. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. गाड्या मात्र आम्ही राहतो त्या या भागात अजून हजारोंनी पळतात आणि लोक त्या जीव लावून सांभाळतात. किल्ली स्टिअरिंगजवळ न लावता दोन सीटांच्या मध्ये लावायची, डॅशबोर्डवर आकडे नसलेला, नुसत्या रंगीत पट्ट्यांचा टर्बोचा काटा. मला ही गाडी मनापासून आवडते, म्हणून हिच्या दुखण्याबद्दल सविस्तर लिहितोय. आता पुण्या-नाशकातही टर्बो पेट्रोल गाड्या घरोघरी आल्या आहेत. त्या जुन्या होतील तेव्हा त्यांचीही दुखणी अशीच निघणार आहेत.

दुखणं असं होतं. स्टार्टिंग एकदम छान, आयडलिंग गुळगुळीत, गावातल्या गावात काही तक्रार नाही. पण चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, टर्बोचा काटा वर सरकला, की गाडी झटके मारायची. कधी नुसतीच अडखळायची, पिकअप जागच्या जागी मरायचा. एकदा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा स्थिर लागला तर गाडी घरापर्यंत आणता येते, पण लुकलुकत असेल तर पाय लगेच काढायचा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळते. तो खर्च मूळ दुखण्याच्या कैक पट असतो.

साबवाल्यांमध्ये मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, म्हटलं की पहिलं नाव येतं कॅसेटचं. या इंजिनात चारही स्पार्क प्लगांच्या कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेजची वीज बनवणारे भाग, एकाच लांबट काळ्या पेटीत बसवलेल्या असतात आणि ती पेटी थेट प्लगांवर बसते. ही पेटी मोठी हुशार आहे. ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगमधून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून आत ज्वलन नीट झालं का, नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) होतंय का, हे ती कॉम्प्युटरला कळवते. जुनी झाली की तीही थकते, त्यामुळे अनेक जण डिकीत एक जादा कॅसेट ठेवूनच फिरतात. पण ती महाग. नुसत्या संशयावर विकत घ्यायची वस्तू ती नव्हे.

माझं ठाम मत आहे की पार्ट बदलत बदलत दुखणं शोधणं म्हणजे पैसे जाळणं. गाडी कधी त्रास देते, हे आधी नीट बघायचं. थंड असताना, गरम झाल्यावर, आयडलिंगला, की लोडवर? टर्बोने हवा कोंबली की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाब जितका जास्त तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अशक्त ठिणगी आयडलिंगला निभावून जाते आणि चढावर उघडी पडते. माझ्या गाडीची लक्षणं तीच होती.

शेजारी साबच्या कारखान्यात हयात घालवलेले एक आजोबा राहतात. त्यांनी स्वतःची जादा कॅसेट देऊ केली, पण आधी प्लगांची अदलाबदल कर म्हणाले. फोनला जोडायच्या छोट्या स्कॅनरवर कोड आला होता पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. वेगळ्या कॉइलच्या गाडीत आपण कॉइलची जागा बदलून बघतो. इथे कॉइल एकाच पेटीत, तेव्हा फिरवायचे ते प्लग. तिसऱ्याचा पहिल्यात घातला, पहिल्याचा तिसऱ्यात. कोड पुसला आणि तोच चढ चढलो. आता कोड आला पी०३०१. दुखणं प्लगबरोबर सरकलं, म्हणजे कॅसेट निर्दोष.

तो प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. वीज टोकाला ठिणगी न पाडता बाहेरच्या बाहेर धातूकडे उतरत होती, तिची ही खूण. शिवाय फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावल्यावर फट १.३ मिलिमीटर भरली. या इंजिनाला १ मिलिमीटरच्या आसपास लागते. चारही प्लग नवे घातले, कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच. टर्बो गाडीत प्लगच्या नंबरात काटकसर करू नये.

झटके थांबले. अडखळणं मात्र राहिलं. काटा आळसावल्यासारखा चढायचा आणि गाडी दम घेऊन मग पळायची.

इथे स्कॅनरवरचे फ्युएल ट्रिमचे आकडे कामाला आले. कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कापतोय ते त्यात दिसतं. आयडलिंगला आकडा शून्याच्या जवळ. लांब चढावर हलका टर्बो चालू असताना वजा दहा-बारा टक्के. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याने मोजलेली हवा पुढे पाइपातून गळाली तर पेट्रोल जास्त पडतं आणि कॉम्प्युटरला ते कापावं लागतं. गळती थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) पलीकडे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डला असती तर उलटं झालं असतं. आयडलिंगलाच न मोजलेली हवा आत शिरून आकडा अधिककडे गेला असता आणि रेस वाढवल्यावर सुधारला असता. त्यामुळे माझा शोध टर्बो ते थ्रॉटल एवढ्याच टापूत उरला.

इथे मेकॅनिकची मजुरी फार, म्हणून तासावर भाड्याने गॅरेजची जागा मिळते. लिफ्ट, हत्यारं, कॉम्प्रेसर सगळं तिथे असतं आणि हात काळे करणारी माणसं एकमेकांना न मागता मदत करतात. सेन्सरनंतरच्या पाइपाला बूच लावलं आणि जेमतेम अर्धा बार हवा सोडली. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडला तर पाइपच फुटतील. साबणाचं पाणी शिंपडत गेलो. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज वरून ठणठणीत होता. खालची बाजू तेलाने ओलसर दिसत होती, आणि टर्बो गाडीत असा ओलावा दिसला की तिथे आधी बघायचं. साबणाचा फेस तिथूनच भसाभस निघाला. होज हाताने पिळला तेव्हा बोटभर लांबीची चीर उघडली. दाब नसताना ती मिटलेली असे, म्हणून आयडलिंगला काही कळत नव्हतं.

वीस वर्षांचं रबर, त्यातून स्वीडनची थंडी. नवा होज पूर्वी ओरिओ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडून आला. साब बंद पडल्यावर तिचे सुटे भाग पुरवण्याचं काम तीच करते, आणि त्यामुळेच या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्याच वेळी ४ मिलिमीटरच्या सगळ्या व्हॅक्यूम नळ्याही सिलिकॉनच्या घातल्या, जुन्या बोटात तुटत होत्या. टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या बायपास व्हॉल्व्हचा पडदा हातपंपाने तपासला, तो शाबूत निघाला, म्हणून तसाच ठेवला.

आता चढावर ट्रिम वजा दोन-तीन टक्क्यांत राहतो आणि चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की काटा थेट रंगीत पट्ट्यात जातो. पुढच्या महिन्यात गाडीची सरकारी नियमाने होणारी तपासणी आहे. तिथे धूरही मोजतात. त्याआधी पुढचे ब्रेक पॅड बघून घ्यायचे आहेत.